चांगले पर्सेन्टाइल, मोजकं बजेट: इंजिनिअरिंगच्या कॅपसाठी कॉलेजांची यादी कशी लावायची

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. दर जुलैत दोन-चार पालक मोबाइलवर अलॉटमेंट लेटर उघडून दाखवतात आणि विचारतात, "सर, याची फी साधारण किती असेल हो?" तोवर उशीर झालेला असतो. सीट लागलेली असते, पैसे भरायला तीन-चार दिवस उरलेले असतात, आणि घरात पहिल्यांदाच हिशेबाची वही निघते.

हा लेख एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात चांगले पर्सेन्टाइल मिळवलेल्या आणि घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत किंवा आसपास असलेल्या मुलामुलींच्या घरांसाठी आहे. कॅप म्हणजे त्यानंतरची राज्याची केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया. कामाचा क्रम इथे महत्त्वाचा आहे. पहिले चार टप्पे निकालाआधी उरकता येतात, आणि उरकावेत.

## टप्पा १: घरचा आकडा कागदावर लिहा

"बघू, काहीतरी करू" हे बजेट नव्हे. आई-वडील आणि मूल, तिघांनी एकदा बसून दोन आकडे लिहायचे.

पहिला आकडा: दर वर्षी कर्ज न काढता, दागिने न मोडता किती रक्कम बाजूला काढता येते. दुसरा: ऑगस्टमध्ये एकदम रोख किती हातात असेल. दुसरा आकडा बहुतेक जण लिहीतच नाहीत. वर्षाला दीड लाख झेपणाऱ्या घरालाही प्रवेशाच्या आठवड्यात फी, खोलीचं डिपॉझिट, मेसचा आगाऊ हप्ता आणि लॅपटॉप एकत्र आले की दम लागतो.

धाकटं भावंड असेल तर त्याची बारावी कोणत्या वर्षी येते तेही शेजारी लिहा. मोठ्याचं तिसरं वर्ष आणि धाकट्याचं पहिलं एकाच वेळी आलं, तर पहिल्या वर्षी सहज वाटलेली फी तेव्हा जड जाते.

तपासा: हे आकडे मुलाला माहीत आहेत ना? ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, बऱ्याचदा मूलच भरतं, मित्राशेजारी बसून.

## टप्पा २: कागदपत्रं, आणि तीही वेळेवर

सवलती सगळ्यांना ठाऊक असतात. त्या हुकतात त्या कागदांपायी. पुढचे कागद मे महिन्यापर्यंत फाइलमध्ये असावेत:

- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, चालू प्रवेशवर्षासाठी वैध असलेला. वडिलांचा फॉर्म १६ किंवा पगाराची स्लिप याला पर्याय होत नाही.
- अधिवास प्रमाणपत्र.
- आरक्षण लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि ज्या प्रवर्गांना लागतं त्यांच्यासाठी नॉन-क्रिमिलेअर. नॉन-क्रिमिलेअर पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं हवं. जुनं काढलेलं असेल तर तारीख आजच बघा.
- खुल्या प्रवर्गातून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकांचं आरक्षण) घ्यायचं असेल तर राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र.
- विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं, आधारशी जोडलेलं बँक खातं. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे पैसे त्याशिवाय येत नाहीत.

जात वैधता हा यातला सर्वांत वेळखाऊ कागद. समितीकडे अर्ज अकरावीतच टाकायचा असतो. नुसत्या पावतीवर प्रवेश मिळेल, मुदतवाढ होईल, असं धरून चालू नका. मुदतवाढ झाली तर नशीब.

सावध: जेईई ही देशपातळीवरची परीक्षा देऊन एनआयटी या केंद्राच्या संस्थाही बघणार असाल तर केंद्राच्या नमुन्यातले दाखले वेगळे काढावे लागतात. ओबीसीची केंद्राची यादी आणि राज्याची यादी एक नाही. मराठा विद्यार्थ्याचं राज्यातलं एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग) आरक्षण केंद्रात चालत नाही. तिथे तो अटी पूर्ण करत असेल तर केंद्राचं ईडब्ल्यूएस घेऊ शकतो. त्या अटींत ८ लाखांच्या उत्पन्नाबरोबर मालमत्ताही मोजतात: ५ एकर किंवा जास्त शेतजमीन, १,००० चौरस फूट किंवा मोठा फ्लॅट असेल तर ते मिळत नाही.

नावांचं स्पेलिंगही आत्ताच जुळवून घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं, असा घोळ शिष्यवृत्तीच्या वेळी महिनोन्महिने सुटत नाही.

## टप्पा ३: तुम्हाला नेमकी कोणती सवलत लागू होते

इथे घाई करू नका. पुढची सगळी यादी यावर उभी आहे.

टीएफडब्ल्यूएस. ट्यूशन फी माफीच्या जागा. प्रत्येक शाखेच्या मंजूर संख्येच्या ५ टक्के जादा जागा असतात. ६० ची तुकडी असेल तर ३. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. या जागा जातीनिहाय वाटलेल्या नसतात, सगळ्यांच्या एकत्रित गुणवत्तेवर भरतात, त्यामुळे कटऑफ त्याच शाखेच्या खुल्या जागेपेक्षाही वर जातो. हुशार मुलासाठी ही खरी खिडकी. माफी मात्र फक्त ट्यूशन फीची. डेव्हलपमेंट फी आणि इतर शुल्क भरावंच लागतं. शिवाय या जागेवर प्रवेश घेतला की पुढे कॉलेज किंवा शाखा बदलून मिळत नाही. नोंदणी अर्जात टीएफडब्ल्यूएससाठी 'हो' निवडलं नसेल तर नंतर यादीत ते कोड टाकता येत नाहीत.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, बोलीभाषेत ईबीसी. ८ लाखांच्या आतल्या खुल्या प्रवर्गातल्या मुलांना ट्यूशन आणि परीक्षा फीच्या ५० टक्के. कुटुंबातल्या पहिल्या दोन अपत्यांना. प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला यातलं काही मिळत नाही.

मुलींसाठी पूर्ण माफी. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत ट्यूशन आणि परीक्षा फीची १०० टक्के सवलत आहे. याचा परिणाम अजून अनेक घरांच्या लक्षात आलेला नाही. पात्र मुलीला साध्या जागेवरही ट्यूशन फी नाही, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या तीन जागांसाठी जिवाचं रान करायची गरज उरली नाही. मागच्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीच्या यादीत वरचे अकरा पर्याय फक्त टीएफडब्ल्यूएसचे होते. मोठ्या बहिणीने तिच्या वेळी तसंच केलं होतं म्हणे.

इतर प्रवर्ग. ओबीसी मुलांना ट्यूशन फीची ५० टक्के, व्हीजेएनटी (विमुक्त जाती-भटक्या जमाती) आणि एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) विद्यार्थ्यांना १०० टक्के प्रतिपूर्ती. अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्यांना उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर निर्वाहभत्त्यासह भारत सरकारची शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फीमाफी.

राहण्या-जेवण्यासाठी. अल्पभूधारक शेतकरी किंवा नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना. मुंबई, पुणे, नागपुरात तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत जाते. ओबीसी आणि व्हीजेएनटीसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम. फीच्या सवलतीमागे धावताना लोक या योजना विसरतात. पुण्यात राहणाऱ्या मुलाचा निम्म्याहून जास्त खर्च राहण्या-जेवणाचाच असतो, तरीही.

सावध: खासगी विद्यापीठं आणि खासगी अभिमत विद्यापीठांत ईबीसी आणि मुलींची माफी लागू नाही. पुण्यासारख्या शहरात एकाच संस्थेचं कॉलेज आणि विद्यापीठ एकाच नावाने, कधी एकाच आवारात चालतं. गेटवरची पाटी एकच, पण एकीकडे सवलत मिळते आणि दुसरीकडे नाही. यादीत नाव लिहिताना कॉलेजचा कोड बघा, कमानीवरचं नाव नको.

जेईई दिली असेल तर एक गणित. एनआयटीची ट्यूशन फी वर्षाला १,२५,००० रुपये आहे, आणि तो आकडा ऐकून पालक मागे सरतात. पण कौटुंबिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर ती पूर्ण माफ होते, १ ते ५ लाखांत असेल तर दोन तृतीयांश. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना पूर्ण माफी. साडेचार लाख उत्पन्न असलेल्या घराला नागपूरच्या व्हीएनआयटीत ट्यूशन फी साधारण ४२,००० पडते, आणि तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी केलेल्यांसाठी असतात. जोसाच्या, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाच्या, फेऱ्या कॅपच्या आधी सुरू होतात, म्हणून "आधी सीईटीचं बघू" म्हणणाऱ्यांची ती गाडी सुटून जाते.

## टप्पा ४: प्रत्येक कॉलेजचा खरा खर्च काढा

शुल्क नियामक प्राधिकरण, म्हणजे एफआरए, प्रत्येक खासगी कॉलेजची मंजूर फी संकेतस्थळावर देतं. कॉलेजच्या माहितीपत्रकातला किंवा एजंटने सांगितलेला आकडा घेऊ नका. एफआरएच्या आकड्यात ट्यूशन आणि डेव्हलपमेंट फी वेगवेगळी दिसते, आणि तुमची सवलत ट्यूशनवरच मोजली जाते. मागच्या दोन-तीन वर्षांचे आकडेही शेजारी लिहा. कॉलेज फी कशी वाढवतं ते कळतं.

मग प्रत्येकासाठी हे सूत्र लावा: मंजूर फी, वजा सवलत, अधिक राहणं, जेवण आणि प्रवास. त्याला ४ ने गुणा.

एक नमुना घेऊ. बार्शीचा मुलगा, खुला प्रवर्ग, घरचं उत्पन्न साडेसहा लाख, म्हणजे ईबीसीचे ५० टक्के लागू. आकडे पद्धत समजण्यासाठी घेतलेत.

- पुण्यातलं खासगी कॉलेज, साधी जागा: फी १,६०,०००, त्यात ट्यूशन १,४०,०००. सवलत ७०,०००. भरायचे ९०,०००. खोली, मेस, प्रवास १,१०,०००. वर्षाला २,००,०००, चार वर्षांत ८ लाख.
- तेच कॉलेज, तीच शाखा, टीएफडब्ल्यूएस: भरायचे २०,०००. राहणं तेवढंच. वर्षाला १,३०,०००, चार वर्षांत ५ लाख २० हजार.
- जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी कॉलेज: फी ४०,०००, त्यात ट्यूशन ३०,०००. सवलत १५,०००. भरायचे २५,०००. आवारातलं होस्टेल, मेस, प्रवास ५१,०००. वर्षाला ७६,०००, चार वर्षांत ३ लाख ४ हजार.
- घरून ये-जा करता येईल असं खासगी कॉलेज: फी ९०,०००, ट्यूशन ८०,०००. सवलत ४०,०००. भरायचे ५०,००० आणि एसटीचा पास वगैरे १२,०००. वर्षाला ६२,०००, चार वर्षांत २ लाख ४८ हजार.

पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत वर्ग तोच, शिक्षक तेच, पदवी तीच. फरक २ लाख ८० हजारांचा. याच घरात मुलगी असती तर पहिल्या ओळीतही तिला २०,००० रुपयेच फी पडली असती.

शेवटची ओळ सर्वांत स्वस्त दिसते. माझं मत विचाराल तर चांगल्या गुणांच्या मुलाने ती यादीत खाली ठेवावी, कारण पन्नास-साठ हजार चार वर्षांत वाचवायला कमजोर कॉलेज घेणं हाही महागडा सौदा आहे. तिसरी ओळ खरी बघण्यासारखी. कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, अवसरी, जळगाव, चंद्रपूर इथली सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयं, सांगलीचं वालचंद, नांदेडचं एसजीजीएस, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ ही नावं 'पुणे नाहीतर मुंबई' म्हणणाऱ्या घरांच्या यादीत येतच नाहीत. पुण्यातलं सीओईपी आणि मुंबईचं व्हीजेटीआय सगळ्यांना माहीत असतं. तिथे नंबर नाही लागला की लोक थेट खासगीत उडी मारतात, मधल्या या सगळ्या संस्था ओलांडून.

तपासा: प्रत्येक सरकारी संस्थेची फी कमीच असते असं गृहीत धरू नका. स्वायत्त संस्था आणि विद्यापीठं झालेल्या जुन्या कॉलेजांची फी वाढलेली आहे. प्रत्येकाची वेगळी बघा.

## टप्पा ५: कटऑफ वाचायला शिका

सीईटी कक्ष दर फेरीचा कटऑफ पीडीएफमध्ये टाकतो. त्या तक्त्यावर 'जी-ओपन-एच', 'एल-ओपन-ओ', 'जी-ओबीसी-एस' असे रकाने असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे होम युनिव्हर्सिटीबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. टीएफडब्ल्यूएस आणि ईडब्ल्यूएसचे रकाने वेगळे. प्रत्येक चौकटीत दोन आकडे: वर मेरिट नंबर, खाली कंसात पर्सेन्टाइल.

इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली, शेवटचं अक्षर न बघणं. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या ७० टक्के जागा होम युनिव्हर्सिटीच्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात. होम युनिव्हर्सिटी ठरते ती बारावी जिथून केली त्यावरून, घराच्या पत्त्यावरून नाही. सोलापूर जिल्ह्यातलं मूल लातूरला जाऊन अकरावी-बारावी करून आलं, तर त्याची होम युनिव्हर्सिटी नांदेडची होते. दर वर्षी एक तरी बाप सोलापूरच्या रकान्यातला कटऑफ दाखवून "इथे तर लागतोय की" म्हणतो, आणि मला त्याला शेजारचा रकाना दाखवावा लागतो.

दुसरी, नुसतं पर्सेन्टाइल बघणं. ३ लाख मुलांत ९५ पर्सेन्टाइल म्हणजे तुमच्या पुढे साधारण १५,००० जण. ४ लाखांत तेच ९५ म्हणजे पुढे २०,०००. परीक्षेला बसणारे वाढले की त्याच पर्सेन्टाइलचा मेरिट नंबर मागे सरकतो. म्हणून तुलना मेरिट नंबरशी करा, आणि ती मागच्या वर्षीच्या शेवटच्या फेरीतल्या नंबराशीही करा. पहिल्या फेरीचा कटऑफ सर्वांत कडक असतो. तो बघून निम्मी चांगली नावं उगाच कापली जातात.

## टप्पा ६: कॉलेज बघून या

यादीतल्या वरच्या पाच-सहा ठिकाणी तरी जाऊन या. प्रवेश कक्षात बसू नका, तिथे चहा आणि ब्रोशर मिळतं. कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा: तुमच्या शाखेतून किती जण कंपन्यांसाठी बसले, किती जणांना काम मिळालं, आणि मधल्या मुलाला किती पगार लागला? सर्वाधिक पॅकेजचा आकडा फ्लेक्सवर लावण्यापुरता असतो. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्राच्या संस्था-क्रमवारीत, भाग घेणाऱ्या कॉलेजांची माहिती त्याच संकेतस्थळावर पीडीएफमध्ये असते. त्यात नोकरी लागलेल्यांचा मध्यक पगार आणि संख्या दोन्ही सापडतात. एनबीए हे दर्जाचं मानांकन शाखेला मिळतं, कॉलेजला नाही, तेव्हा तुमच्या शाखेला आहे का ते बघा.

मेसचं महिन्याचं बिल आणि पहिल्या वर्षाला होस्टेल मिळतं का, हे मुलांनाच विचारा. "होस्टेल उपलब्ध" याचा अर्थ अनेक ठिकाणी "असलं तर" असा होतो.

## टप्पा ७: ऑप्शन फॉर्म — क्रम हाच निर्णय

संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि जिथे पहिल्यांदा तुमचा नंबर बसतो तिथे थांबतो. त्याला तुमचं बजेट ठाऊक नसतं. म्हणून:

१. टप्पा ४ मधल्या खर्चाच्या यादीतून घरच्या आकड्याबाहेरची नावं आधीच काढून टाका. "भरून तर ठेवू, लागलं तर बघू" हे करू नका. लागतं, आणि मग घर हलतं.

२. उरलेल्यांना 'मिळालं तर खरंच जाणार' या इच्छेच्या क्रमाने लावा. मिळणं अवघड आहे म्हणून एखादं नाव खाली ढकलू नका. वर ठेवल्याने खालच्या पर्यायांची संधी कमी होत नाही.

३. टीएफडब्ल्यूएसच्या कोडच्या शेवटी 'टी' असतो. ज्या कॉलेज-शाखेचा 'टी' कोड घ्याल, त्याच कॉलेज-शाखेचा साधा कोड त्याच्या खाली. कधीही वर नाही.

४. मधल्या भागात तुमच्या मेरिट नंबरच्या आसपासची नावं भरपूर टाका. यादी लांब झाल्याने नुकसान काही नाही.

५. सर्वांत खाली दोन-तीन अशी नावं, जिथे मागच्या वर्षीच्या कटऑफपेक्षा तुमचा नंबर बराच पुढे आहे आणि फीही झेपते.

तिसऱ्या मुद्द्याबद्दल मी जरा हट्टी आहे, त्याला कारण घरातलंच. माझ्या भाच्याचा फॉर्म त्याच्या मित्रांनी सायबर कॅफेत भरून दिला. मी फोनवर विचारलं तर बहीण म्हणाली, "अरे दादा, कॉलेज एकच तर आहे, वर काय नि खाली काय!" साधा कोड एक नंबरला होता, 'टी' दोन नंबरला. पहिल्या फेरीत साधी जागा लागली. पहिलाच पर्याय मिळाल्याने सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे अंतिम, झाली. त्या फेरीचा टीएफडब्ल्यूएसचा कटऑफ बघितला, तर भाच्याचा मेरिट नंबर त्याच्या बराच पुढे होता. त्यापुढची चार वर्षं भाऊजींनी निम्मी ट्यूशन फी भरली. दिवाळीला कोणी हा विषय काढत नाही.

तपासा: कन्फर्म करण्याआधी यादीची प्रिंट काढा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. प्रत्येक ओळीशेजारी पेन्सिलीने वर्षाचा खर्च लिहा. फॉर्म भरून कन्फर्म न करणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे. कन्फर्म न केलेली यादी नसल्यासारखीच. लॉगिन आणि ओटीपीचा मोबाइल घरातलाच ठेवा, कोणत्याही 'काउन्सेलर'कडे देऊ नका.

## टप्पा ८: फेऱ्या, फ्रीझ आणि बेटरमेंट

२०२५ च्या प्रवेशात चार कॅप फेऱ्या झाल्या आणि आपोआप फ्रीझ होण्याचा नियम बदलला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी एखादा मिळाला तर, आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला तर ती जागा अंतिम. त्याआधीच्या नियमावर बेतलेले सल्ले आणि व्हिडिओ अजून फिरत असतात. तुमच्या वर्षाची माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि हे पान स्वतः वाचा.

याचा व्यवहारातला अर्थ असा की वरच्या सहा ओळींत 'सहज म्हणून' टाकलेलं एकही नाव चालत नाही. बजेटमध्ये न बसणारं कॉलेज पाचव्या नंबरला असेल तर तिसऱ्या फेरीत तेच गळ्यात पडू शकतं.

सीट मिळाली आणि त्याहून वरच्या पर्यायाची आशा असेल तर सीट स्वीकारून बेटरमेंट घ्यायचं. त्यासाठी १,००० रुपये भरावे लागतात. पुढच्या फेरीत वरचं मिळालं की आधीची जागा जाते, ती परत येत नाही. त्यामुळे बेटरमेंटला जाताना एकच प्रश्न विचारा: वरच्या प्रत्येक नावाचा खर्च आत्ताच्या जागेपेक्षा जास्त असला तरी तो आपल्याला चालणार आहे का? ज्याला 'नाही' उत्तर येईल ते नाव पुढच्या फेरीच्या यादीत ठेवू नका.

सावध: फेऱ्या चालू असताना खासगी कॉलेजांतून फोन येतात. "मॅनेजमेंटची शेवटची सीट आहे, आज टोकन भरा." कॅपबाहेरून प्रवेश घेतला की सवलती गेल्या, आणि पावती न देता मागितलेली रक्कम म्हणजे कॅपिटेशन फी, त्यावर महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने बंदी आहे. चांगला मेरिट नंबर असलेल्या घरांनी तिसऱ्या फेरीआधी घाबरून टोकन दिल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. ठरलेल्या शेवटच्या तारखेआधी प्रवेश रद्द केला तर १,००० रुपये कापून फी परत मिळायला हवी. तारीख उलटली की तो हक्क राहत नाही.

## टप्पा ९: कर्ज लागलंच तर

थोडक्यात सांगतो. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षण चालू असताना ३ टक्के व्याजसवलत. साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल तर त्या काळातलं पूर्ण व्याज. व्याजसवलतीला दोन अडसर आहेत: मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला ती नाही, आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याजसवलत घेत असाल तरीही नाही. म्हणून आधी टप्पा ३ मधली सवलत किती वाचवते ते मोजा आणि मगच बँकेत जा. कर्ज फक्त उरलेल्या फरकासाठी काढा. बँक मंजूर करते म्हणून पूर्ण रक्कम उचलू नका.

## टप्पा १०: प्रवेशाच्या दिवशी आणि नंतर

कॉलेजात जाताना मूळ कागद, दोन संच झेरॉक्स आणि टप्पा ४ चा तुमचा हिशेब सोबत न्या. काउंटरवर सांगितलेली रक्कम आणि तुमचा आकडा जुळत नसेल तर शांतपणे फीचं विवरण मागा: ट्यूशन किती, डेव्हलपमेंट किती, डिपॉझिट किती, आणि त्यातलं परत मिळणारं कोणतं. सवलतीतली फी विद्यार्थ्याकडून आधी घेऊ नये अशा सूचना आहेत. तरीही काही ठिकाणी "शिष्यवृत्ती आली की परत देऊ" म्हणून पूर्ण रक्कम मागतात. तेव्हा शासन निर्णयाची प्रत फाइलमध्ये असलेली बरी. भरावीच लागली, तर भरलेल्या प्रत्येक रुपयाची शीर्षनिहाय पावती घ्या.

महाडीबीटीवर अर्ज भरायचं काम प्रवेशानंतर सुरू होतं आणि इथेच बरेच जण ढिले पडतात. फीची सवलत आणि वसतिगृह भत्ता यांचे अर्ज वेगवेगळे आहेत. अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनवरून पुढे गेला का, हे दर आठवड्याला बघा. त्रुटी दाखवून परत आलेला अर्ज मूल उघडूनच बघत नाही आणि मुदत निघून जाते. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षी नूतनीकरण करावं लागतं. त्यासाठी उत्पन्नाचा नवा दाखला लागला तर तहसीलच्या रांगेत जूनमध्येच उभं राहा. कॅलेंडरवर ती तारीख आत्ताच, चारही वर्षांसाठी, लाल पेनने लिहून ठेवा.